मोटार नसलेल्यांचा प्रवास

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिनी, बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुटली. अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५-९६ साली मंजुरी मिळाली होती. मंजुरीपासून शिट्टी ऐकू येईपर्यंत तीस वर्षे लोटली, आणि त्या दिवशीही बीडपासून परळीपर्यंतचा टप्पा बाकीच होता. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी आणि घाटनांदूर येथे निझामाच्या काळापासून रूळ आहेत. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र स्वातंत्र्यानंतरची अठ्ठ्याहत्तर वर्षे रेल्वेच्या नकाशावर नव्हते. लोकांनी गाडीवर फुले उधळली, इंजिनाला नमस्कार केला. त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण आनंद ओसरल्यावर वेळापत्रक हातात घेणे हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे, आणि ते नीरस असले तरी कोणी तरी केले पाहिजे.

पहिल्या वेळापत्रकानुसार ही गाडी सकाळी सातच्या सुमारास अहिल्यानगरहून निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास बीडला पोचणार, अर्धा तास थांबणार आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पुन्हा अहिल्यानगरला जाणार. साधारण १६७ किलोमीटरला साडेपाच तास, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. वेग कमी आहे ही तक्रार मी दुय्यम मानतो. नव्या मार्गावर तो हळूहळू वाढतो. मुख्य प्रश्न निराळा आहे. या गाडीने बीडचा माणूस कोणत्या कामाला जाईल? दुपारी एकला घर सोडून तो अहिल्यानगरला पोचेल तेव्हा कचेऱ्या बंद झालेल्या असतील, डॉक्टरांची तपासणीची वेळ टळलेली असेल, आणि पुण्याला जायचे तर पुढची गाडी शोधण्यात रात्र होईल. तिकडून येणाऱ्याला त्याच गाडीने परतायचे तर बीडमध्ये अर्ध्या तासात काय उरकता येईल? तिकीट एसटीहून पुष्कळच स्वस्त आहे. परंतु ज्या स्वस्त गाडीने जाऊन काम करून परत येता येत नाही, ती गाडी गरिबाला महाग पडते. कारण त्याला मुक्काम करावा लागतो, बाहेर जेवावे लागते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते.

हाच या लेखाचा मुद्दा आहे. आपल्याकडे स्वस्त प्रवासाची चर्चा भाड्यापाशी सुरू होते आणि भाड्यापाशीच संपते. सवलत किती टक्के, कोणाला अर्धे तिकीट, कोणाला फुकट, एवढाच वाद. मोटार नसलेल्या माणसाच्या प्रवासाची किंमत मात्र तिकिटावर छापलेली नसते. फाट्यावर वाट पाहण्यात गेलेले तास, चुकलेली जोडगाडी, शेवटची बस गेल्यामुळे नाइलाजाने केलेली जीप, स्थानकाच्या बाकावर काढलेली रात्र हे सारे त्या किमतीत धरले पाहिजे. भाडे हा तिचा एक भाग आहे, आणि पुष्कळदा मोठा भागही नाही.

ज्याच्या दारात मोटार उभी आहे तो वेगळा हिशेब करतो. बीड ते पुणे हे अंतर सुमारे २३५ किलोमीटर. मोटार लिटरला पंधरा किलोमीटर जाते आणि पेट्रोल शंभराच्या थोडे वर आहे असे धरले, तर एका खेपेचे इंधन सोळाशे-सतराशे रुपयांचे. चौघे बसले तर माणशी चारशे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढल्यावर साध्या गाडीचा दर सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास गेला. त्या हिशेबाने पुण्याचे तिकीट साधारण चारशेचेच होते. मग मोटारवाला म्हणतो, एसटीने का जावे? त्याचे गणित चुकत नाही, ते अपुरे आहे. मोटारीची किंमत, कर्जाचे व्याज, विमा, दुरुस्ती आणि दरवर्षीची घसारा-घट त्याने आधीच भरलेली असल्याने, प्रत्येक खेपेला त्याला फक्त पेट्रोल दिसते. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. एकदा तो केला की माणूस सार्वजनिक वाहन सोडून देतो. असे पुरेसे लोक सोडून गेले की बसच्या जागा रिकाम्या राहतात, फेरी तोट्यात जाते आणि बंद होते. उरलेल्यांना मग एकच मार्ग उरतो, कर्ज काढून दुचाकी घेणे. बालाघाटातल्या वाड्यावस्त्यांतून आज दुचाक्या दिसतात. त्या समृद्धीची खूण आहेत असे समजणाऱ्यांनी त्या गावाची बस कोणत्या साली बंद झाली तेही विचारून पाहावे.

इव्हान इलिच यांनी १९७४ च्या आपल्या ‘ऊर्जा आणि समता’ या निबंधात एक हिशेब मांडला होता. सरासरी अमेरिकन पुरुष मोटार चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिचे पैसे मिळवण्यासाठी काम करण्यात मिळून वर्षाला सोळाशेहून अधिक तास घालवतो आणि त्यातून साडेसात हजार मैल जातो; म्हणजे ताशी पाच मैलांपेक्षाही कमी. पायी चालणाऱ्याहून फार काही अधिक नाही. इलिच यांचे सर्वच निष्कर्ष मला मान्य नाहीत. यंत्राविषयीची त्यांची अढी आपल्यासारख्या देशाला परवडणारी नाही. पण वेळ आणि पैसा एकाच तागडीत घालण्याची त्यांची रीत बीडच्या बसस्थानकावर फार उपयोगी पडते.

या प्रदेशाला हे सारे नवीन आहे असेही नाही. निझामाच्या राज्यात १९३२ साली सरकारने स्वतःची प्रवासी बससेवा सुरू केली, ती रेल्वेखात्यामार्फत. रूळ आणि रस्ता एकाच कारभाराखाली होते. निझामी राजवटीविषयी ममत्व बाळगण्याचे मराठवाड्यातल्या माणसाला काहीच कारण नाही. रझाकारांचा काळ आमच्या घरांतून अजून सांगितला जातो. तथापि एका संस्थानिकाच्या नोकरशाहीला जे सुचले, ते लोकशाही राज्याच्या दोन सरकारांना सुचू नये याचे नवल वाटते. बीडच्या रेल्वेचा निम्मा खर्च राज्याने उचलला आहे, आणि एसटी तर राज्याचीच. असे असताना दुपारी साडेबाराला उतरणाऱ्या प्रवाशासाठी गेवराई, माजलगाव, केज, धारूरच्या गाड्या रेल्वेस्थानकाच्या दारात उभ्या असाव्यात, आणि अहिल्यानगरला उतरणाऱ्याच्या हातात पुण्यापर्यंतचे एकच तिकीट असावे, ही अपेक्षा अवास्तव कशी? तिला रूळ टाकावे लागत नाहीत, जमीन संपादन करावी लागत नाही. दोन अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसावे लागते.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी याच नगरहून पुण्याला सुटली. रस्ता तिथे एसटी हे ब्रीद पुढे आले आणि बऱ्याच अंशी खरेही झाले. राज्यातल्या खेड्यांतून पहिली पिढी महाविद्यालयात गेली ती या लाल गाडीच्या पासावर. माझ्या वर्गातली निम्मी मुले सकाळच्या मुक्कामी गाडीने येत. मुक्कामी गाडी बिघडली की पहिल्या तासाला वर्ग अर्धा असे, आणि हजेरी घेताना कोणत्या बाजूच्या गाडीचे काय झाले ते मला न विचारता कळे. विद्यार्थ्यांना आजही मासिक पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट मिळू लागले. चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे, त्यावर माणूस राज्यभर हिंडू शकतो. या सवलती भीक नव्हेत. स्त्रियांच्या सवलतीने तर जे झाले ते डोळ्यांनी दिसते. माहेरी, बाजाराला, दवाखान्यात जाण्यासाठी ज्यांना घरातल्या पुरुषाकडे पैसे मागावे लागत, त्या आता एकट्या निघतात. शेजारच्या कर्नाटकाने तर ११ जून २०२३ पासून स्त्रियांना साध्या बसचा प्रवास विनामूल्यच केला. या खर्चाला उधळपट्टी म्हणणारे अर्थतज्ज्ञ उड्डाणपुलांच्या खर्चाला गुंतवणूक म्हणतात, एवढे नमूद करून पुढे जातो.

परंतु सवलत वाढत असताना गाड्या मात्र घटत गेल्या. महामारीपूर्वी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास बसगाड्या होत्या. नंतरच्या वर्षांत त्या पंधरा हजारांच्या आत आल्या. प्रवासी रोज पन्नास लाखांवर. अर्ध्या तिकिटाचा अधिकार हातात असलेली बाई फाट्यावर दोन तास उभी राहून शेवटी पूर्ण पैसे देऊन काळीपिवळीत, दहा जणांच्या जागेत पंधरावी म्हणून बसते, तेव्हा तिच्या सवलतीचे मोल किती? सरकार ही सवलत तिकिटाच्या हिशेबाने महामंडळाला भरून देते. म्हणजे गाडी आली तर सरकारचा खर्च, न आली तर बचत. अशी रचना असली की गाडी न येण्यात कोणाचेच नुकसान होत नाही, त्या बाईखेरीज.

त्यात आणखी एक विसंगती आहे, जिच्याकडे विधिमंडळात क्वचितच लक्ष जाते. एसटीच्या भाड्यावर राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते. एका हाताने सवलतीची भरपाई द्यायची, तीही पुष्कळदा थकवून, आणि दुसऱ्या हाताने गरिबातल्या गरीब प्रवाशाच्या तिकिटातून कर काढायचा. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे सांगितले. तोट्याची कारणे अनेक आहेत. गैरव्यवस्थापन हेही एक आहे आणि ते झाकण्याची गरज नाही. पण जो उपक्रम नफ्यासाठी नाही, सामाजिक कर्तव्यासाठी आहे असे आपण म्हणतो, त्याच्या उत्पन्नावर व्यापारी धंद्यासारखा कर बसवायचा आणि मग तोटा दाखवून खाजगीकरणाची भाषा करायची, हे कोणत्या शास्त्रात बसते ते मला समजलेले नाही.

खाजगीकरणाचा अनुभव तर आपण घेतलेलाही आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कामगारांचा संप सुरू झाला; राज्य शासनात विलीनीकरण ही त्यांची मुख्य मागणी होती. पुढच्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर परतण्यास सांगितले, तोवर साडेपाच महिने गेले होते. त्या काळात स्पर्धेचे नियम शिकवणाऱ्यांना बीडच्या चौकात उभे करायला हवे होते. ट्रॅव्हल्सवाल्यांत स्पर्धा होती, तरी भाडे उतरले नाही, चढले. ट्रॅव्हल्सने एसटीच्या दीडपटीहून अधिक घेऊ नये असा शासननिर्णय २०१८ च्या एप्रिलमध्येच निघालेला आहे. दिवाळीत पुण्याहून गावी येणाऱ्या कोणाही मुलाला विचारावे की त्या निर्णयाचे काय झाले. एसटी धावत असते तोवरच ट्रॅव्हल्सच्या भाड्याला लगाम असतो. म्हणून जो कधीच एसटीत बसत नाही, त्याच्याही तिकिटाची काळजी ही लाल गाडी वाहत असते. कामगारांच्या वेतनाचा प्रश्न सवलतींच्या प्रश्नापासून तोडता येत नाही तोही यामुळेच. तेव्हा काही वर्तमानपत्रांनी प्रवासी विरुद्ध कामगार असे चित्र रंगवले. परंतु तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करणाऱ्या चालकाच्या हाती ज्यांचे जीव असतात, ते प्रवासीच असतात.

रेल्वेतही वारे याच दिशेने वाहत आहे. मधु दंडवते यांच्याकडे १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेखाते होते, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांचा फोम घातला. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे असलेली गीतांजली एक्स्प्रेस १९७७ च्या डिसेंबरात मुंबई–हावडा मार्गावर सुरू झाली. दोन इंच ही काही मोठी क्रांती नव्हती, पण खात्याने कोणाच्या पाठीचा विचार करायचा हे त्या दोन इंचांनी ठरवले होते. आज नवी गाडी म्हणजे वातानुकूलित गाडी असे समीकरण झाले आहे. मराठवाड्यालाही ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत मिळाली, पुढे ती नांदेडपर्यंत वाढली. ती असू द्यावी. कोणी वेगाने जावे याला आमची ना नाही. पण ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतली सवलत २०२० च्या मार्चमध्ये काढून घेतली गेली आणि महामारी सरली तरी ती परत आली नाही. साध्या डब्यातली गर्दी तर पाहवत नाही. युरोपात याच काळात उलट दिशेने प्रयोग झाले. जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने नऊ युरोत महिनाभर देशभरच्या स्थानिक व प्रादेशिक गाड्यांतून फिरण्याचे तिकीट दिले, आणि पुढे मे २०२३ पासून ४९ युरोंचे मासिक तिकीट सुरू केले. लक्झेंबर्गने २०२० पासून सार्वजनिक वाहतूकच निःशुल्क केली. ते देश श्रीमंत आहेत म्हणून त्यांना हे जमले, असे कोणी म्हणेल. मोटारी तिकडे आपल्याहून अधिक आहेत, तरी त्यांना हे करावेसे वाटले, हेही ध्यानात घ्यावे.

आता ज्या प्रवासाविषयी लिहिण्यासाठी मी लेखणी उचलली, त्याकडे येतो. बीड जिल्ह्यातून होणारा सर्वांत मोठा लांब पल्ल्याचा प्रवास कोणत्याही वेळापत्रकात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची लाखोंची संख्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघते व हंगाम संपल्यावर परत फिरते. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतली गावेच्या गावे रिकामी होतात. हे लोक तिकीट काढत नाहीत. ते मालमोटारीत किंवा ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांत, भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या आणि लेकरे यांच्यावर-खाली बसून दोनशे-तीनशे किलोमीटर जातात, कित्येकदा रात्रभर. गरोदर बायका त्यात असतात. मालवाहू वाहनात माणसे नेणे कायद्याने निषिद्ध आहे, हे रस्त्यावरच्या प्रत्येक पोलिसाला ठाऊक असते. ट्रॉली उलटल्याची बातमी दर हंगामात येते, आतल्या पानावर.

२०२० च्या टाळेबंदीत हे कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले आणि १७ एप्रिलला शासनाने त्यांच्या परतीला परवानगी दिली, तेव्हा पहिल्यांदा राज्याने त्यांची मोजदाद केली, तपासणी केली, कोण कोणत्या गावी जाणार याच्या याद्या केल्या. म्हणजे हे करता येते. संकट टळल्यावर याद्याही गुंडाळल्या गेल्या.

एसटी आषाढीला पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सोडते. गणपतीला मुंबईहून कोकणात सोडते. चाळीसएक वारकरी एका गावातून जमले तर थेट त्या गावातून पंढरपूरला बस मिळण्याची सोयही महामंडळाने केली आहे. फार चांगली सोय आहे. मग चाळीस ऊसतोड्यांच्या टोळीला तिच्या गावातून सांगलीच्या किंवा कोल्हापूरच्या कारखान्यापर्यंत बस का मिळू नये? सामान आणि जनावरे ट्रॅक्टरने जातील, माणसे बसने. ही मागणी मांडली की दोन आक्षेप येतात. पहिला असा की हे लोक मागतच नाहीत. उचल घेतलेला माणूस मुकादमाजवळ काय मागू शकतो, हे ज्याला माहीत आहे तो हा आक्षेप घेणार नाही. दुसरा, खर्च कोणी करायचा? त्याचे उत्तर कायद्यात होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीच्या १९७९ च्या कायद्याने जाण्यायेण्याच्या भाड्याइतका प्रवासभत्ता कंत्राटदारावर बंधनकारक केला होता, आणि प्रवासाचे दिवस कामाचे दिवस धरले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेने त्या कायद्याची जागा घेतली, तरी आंतरराज्य कामगारांच्या प्रवासभत्त्याची तरतूद तीतही आहे. धारूरहून बेळगावकडे जाणाऱ्या कोयत्याला म्हणजे कागदावर हक्क आहे. धारूरहून कोल्हापूरला जाणाऱ्याला तोही नाही, कारण तो राज्याची हद्द ओलांडत नाही. अंतर तेच, ट्रॉली तीच, मुकादमही पुष्कळदा तोच.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कारखाने आणि मुकादम यांचे करार हंगामाच्या आधी काही महिने, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात होतात, आणि त्यांत वाहतुकीचे कलम असतेच. कामगार व त्यांची मुले यांचे बसभाडे कारखान्याने मुकादमाच्या हाती न देता थेट महामंडळाला भरावे, आणि ते उचलीतून कापू नये, एवढी एक ओळ त्या कलमात घालता येते. सहकारी कारखान्यांच्या संचालक मंडळांवर समतेची भाषणे करणारी मंडळी पुष्कळ आहेत. ऊसतोड कामगारांच्या संघटना मजुरीच्या दरासाठी संप करतात, तेव्हा मागण्यांच्या यादीत ही ओळ दरवाढीखाली, पण विम्याच्या बरोबरीने असावी, असे मी त्यांच्या कार्यकर्त्यांना सुचवतो. जिल्ह्यातल्या आगारांनी सप्टेंबरातच मुकादमांकडून टोळ्यांच्या याद्या मागवल्या, तर किती गाड्या लागतील हे दिवाळीच्या आत कळेल.